आंघोळीनंतरची आंघोळ

जपानला जाऊन आलेल्या माणसाला लोक फुजी पर्वताबद्दल विचारतात, बुलेट ट्रेनबद्दल विचारतात. मला मात्र सर्वांत आधी आठवतो तो एका दारावर लोंबणारा निळा कापडी पडदा, आणि त्या पडद्यासमोर अर्धा तास घुटमळणारा मी. पडद्यावर एकच अक्षर होते – ‘यु’. यु म्हणजे गरम पाणी. विद्यार्थी-आदानप्रदान योजनेतून सहा महिन्यांसाठी टोकियोला गेलो असताना ओता नावाच्या भागात जी स्वस्त खोली मिळाली, तिला न्हाणीघर नव्हते. घरमालकीणबाईंनी हसतमुखाने गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवले. तिथे हा पडदा होता.

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्द समजून घ्यायला हवेत. ‘ओन्सेन’ म्हणजे जमिनीतून येणारा गरम पाण्याचा झरा, आणि त्यावर बांधलेले स्नानगृहही. ‘सेंतो’ म्हणजे गावातले, पैसे देऊन वापरायचे सार्वजनिक स्नानगृह. ‘सें’ म्हणजे नाणे आणि ‘तो’ म्हणजे गरम पाणी. सेंतोत बहुधा साधेच पाणी तापवलेले असते. ओन्सेन कशाला म्हणायचे, हे मात्र १९४८ च्या कायद्याने ठरवून दिले आहे : उगमापाशी पाणी २५ अंश किंवा त्याहून अधिक गरम हवे, नाहीतर नेमून दिलेल्या एकोणीस द्रव्यांपैकी एखादे तरी त्यात पुरेशा प्रमाणात हवे. २५ अंश! मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणीसुद्धा याहून कढत असते. असो.

माझी अडचण पाण्याच्या तापमानाची नव्हती. आत सगळे उघडे असतात, अगदी पूर्ण उघडे, हे मी ऐकले होते. स्त्रिया आणि पुरुष यांची स्नानगृहे वेगळी असतात, हे खरे. (पूर्वी ती तशी नव्हती. १८५४ मध्ये शिमोदा बंदरात उतरलेल्या कमोडोर पेरीच्या अमेरिकन मंडळींनी एकत्र स्नान पाहून नाके मुरडली, आणि पुढे मेइजी सरकारने त्यावर बंदी आणली.) पण नदीवरही पंचा गुंडाळून स्नान करणाऱ्या आपल्या समाजातल्या मुलाला परक्या पुरुषांपुढे उघडे होणे म्हणजे काय, हे सांगायला नको. शिवाय दुसरी शंका अधिक खोलवरची होती. वीस-पंचवीस माणसे ज्या पाण्यात बसली, त्याच पाण्यात आपण बसायचे? आमच्या आजीने हे ऐकले असते तर मला पुन्हा घरात घेतले नसते.

या दुसऱ्या शंकेचे उत्तर मिळाले की जपानी स्नानाचे सगळे नियम आपोआप उलगडतात. आपल्याकडे बंबातले पाणी बादलीत काढून, तांब्याने अंगावर घेऊन माणूस स्वच्छ झाला की आंघोळ संपते. जपानी माणसाची आंघोळ तिथे सुरू होते. हौदातले पाणी अंग धुण्यासाठी नसतेच. ते बसण्यासाठी असते, आणि सर्वांचे असते. म्हणून त्यात उतरणारा प्रत्येक माणूस आधीच लख्ख धुतलेला असला पाहिजे.

बूट दारातल्या कप्प्यात ठेवायचे. त्याची किल्ली म्हणजे एक लाकडी फळी असते. मग पैसे द्यायचे. टोकियोत २०२४ च्या ऑगस्टपासून मोठ्या माणसाला ५५० येन दर ठरला. हा दर मालक ठरवत नाही, सरकार ठरवते. कपडे काढून टोपलीत ठेवायचे आणि हातात एक छोटा पंचा घेऊन काचेच्या दारातून आत जायचे. आत भिंतीलगत नळांच्या रांगा असतात आणि समोर वीतभर उंचीची स्टुले. स्टुलावर बसूनच अंग धुवायचे. उभे राहून धुतले तर शिंतोडे शेजाऱ्यावर उडतात. पाणी घ्यायला बहुतेक ठिकाणी एक पिवळी प्लॅस्टिकची बादली असते. तिच्या तळाशी ‘केरोरिन’ या वेदनाशामक औषधाची जाहिरात छापलेली असते. १९६३ पासून ही बादली चालू आहे. ओसाका-क्योतोकडे हीच बादली जराशी लहान असते, कारण तिकडचे लोक ती हौदात बुडवून पाणी अंगावर घेतात आणि मोठी बादली जड होते.

पहिल्या दिवशी मी घाईघाईने अंग धुतले आणि हौदाकडे निघालो. माझ्या उघड्या अंगाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. पण शेजारी बसलेल्या एका आजोबांनी माझ्या खांद्याकडे बोट दाखवले. तिथे साबणाचा फेस राहिला होता. मी ओशाळून परत बसलो. त्यांनी आपल्या बादलीतले पाणी माझ्या पाठीवर ओतले, मान डोलावली, आणि मग हौदाकडे हात केला. पंचाही पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवायचा, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

पाणी बेचाळीस अंशांच्या आसपास असते. पहिला पाय टाकताच जीव कळवळतो. दोन मिनिटांनी सगळे अंग सैल पडते. नवख्याने पाच मिनिटांत बाहेर यावे, आणि सावकाश उठावे, नाहीतर घेरी येते. समोरच्या भिंतीवर फुजी पर्वताचे भले मोठे चित्र असते. टोकियोतल्या एका सेंतोत १९१२ साली ते प्रथम रंगवले गेले आणि मग प्रथाच पडली. ओता भागातल्या काही सेंतोंत जमिनीतले पाणीच काळसर, कोऱ्या चहासारखे येते; प्राचीन वनस्पतींचे अंश त्यात विरघळलेले असतात.

ओन्सेनची दुनिया याहून मोठी. मात्सुयामा शहरातली दोगो ओन्सेनची लाकडी इमारत १८९४ ची आहे. नात्सुमे सोसेकी या कादंबरीकाराचा ‘बोच्चान’ तिथेच स्नानाला जातो. कुसात्सुचे पाणी इतके आम्लधर्मी की लोखंडी खिळा त्यात काही दिवसांतच झिजतो, आणि इतके कढत की लांब फळ्यांनी ढवळून ते निववतात. गार पाणी मिसळले तर औषधी गुण उणावतो, अशी समजूत. किनोसाकीला सात स्नानगृहे आहेत आणि पाहुणे युकाता घालून, लाकडी खडावा वाजवीत एकातून दुसऱ्यात जातात. प्रवाशाने एक लक्षात ठेवावे : काही धर्मशाळांत स्त्रियांचे आणि पुरुषांचे स्नानगृह सकाळ-संध्याकाळ अदलाबदल करतात. काल ज्या दाराने गेलो त्याच दाराने आज डोळे झाकून जाऊ नये. पुरुषाचे चिन्ह ओळखायला सोपे आहे. वर चार खणांचे शेत असते.

पाण्याच्या बाबतीत एवढा समंजस असणारा हा समाज गोंदणाच्या बाबतीत मात्र आडमुठा आहे. गुंडांच्या टोळ्या अंगभर गोंदवून घेतात, म्हणून अनेक ओन्सेनमध्ये गोंदलेल्या कोणालाच घेत नाहीत. २०१३ साली होक्काइदोत न्यूझीलंडच्या एका माओरी बाईंना हनुवटीवरच्या परंपरागत गोंदणामुळे परत पाठवले गेले. आपल्या कपाळावर, हातावर तुळस गोंदलेल्या आज्यांचीही तिथे हीच गत झाली असती. गल्लीतले सेंतो याबाबत बरेच उदार असतात, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

पण गल्लीतले सेंतोच आता नाहीसे होत आहेत. १९६८ च्या सुमारास देशात जवळजवळ अठरा हजार सेंतो होते. आज दोन हजारही उरलेले नाहीत. घरोघरी न्हाणीघरे आली, इंधन महागले, मालक म्हातारे झाले आणि मुलांना हा धंदा नको. माझ्या पाचव्या महिन्यात त्या निळ्या पडद्याशेजारी एक कागद चिकटवलेला दिसला. मला वाचता येईना, म्हणून घरमालकीणबाईंना विचारले. महिनाअखेर बंद, एवढेच लिहिले होते, आणि इतक्या वर्षांचे आभार.

शेवटच्या संध्याकाळी हौदात नेहमीपेक्षा गर्दी होती. ते आजोबा आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात, डोक्यावर पंचा ठेवून बसले होते. मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत विचारले, “उद्यापासून कुठे जाणार?” त्यांनी दुसऱ्या एका सेंतोचे नाव सांगितले. मी तिथे एकदा गेलो होतो. माझ्या पायांनी ती वीस मिनिटांची वाट होती. आजोबा काठी टेकत चालत.