फौजेच्या पगारापायी गेलेले वऱ्हाड

वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले ते रणांगणावर नव्हे, पगाराच्या थकबाकीत. अडगाव आणि गाविलगडच्या १८०३ मधील लढायांनंतर हा मुलूख निजामाकडे आला होता. पन्नास वर्षांनी त्याच निजामाला तो शिपायांच्या पगारासाठी कंपनीच्या हवाली करावा लागला.

१८०० च्या तहान्वये युद्धप्रसंगी निजामाने सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ द्यायचे होते. पुढे रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कायम फौज उभी राहिली. तीच नंतर ‘हैदराबाद कंटिन्जंट’ झाली. खर्च निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा! एलिचपूर (आजचे अचलपूर), हिंगोली, जालना येथे तिच्या छावण्या होत्या. अचलपूरलगतचे परतवाडा ही त्यातलीच एक वस्ती.

पगार दरमहा रोख द्यावा लागे, वसूल मात्र हंगामावर आणि मक्तेदारांच्या मर्जीवर येई. ही तफावत सावकारांनी भरून काढली. दिवाण चंदूलाल याच्या कारभारात विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी फौजेच्या पगाराची रक्कम आगाऊ देऊ लागली आणि भारी व्याज घेऊ लागली. रेसिडेंट चार्ल्स मेटकाफने हा व्यवहार उघडकीस आणला. पेढी बुडाली, पण खर्च तसाच राहिला. पुढे थकलेले पगार खुद्द कंपनी सरकार आपल्या खजिन्यातून देऊ लागले आणि सावकाराची जागा त्याने घेतली.

२१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब इंग्रजांकडे सोपवण्यात आले. या उत्पन्नातून कंटिन्जंटचा पगार, अप्पा देसाई यांची चौथाई, महिपतरामच्या कुटुंबाची नेमणूक व काही मराठ्यांची पेन्शने भागवायची, दरसाल हिशेब द्यायचा आणि शिल्लक निजामाला परत करायची, असे ठरले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. म्हणूनच या मुलखाचे सरकारी नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे पडले.

खरी मेख १८६० च्या तहात आहे. धाराशिव व रायचूर परत मिळाले, सुमारे पन्नास लाखांचे कर्जही माफ झाले. पण वऱ्हाडाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाला सोडावा लागला आणि कारभारावर किती खर्च करायचा हे इंग्रजांच्या मर्जीवर राहिले. मग शिल्लक उरणार किती, हे ठरवणारे तेच! सालारजंगांनी १८७० च्या दशकात वऱ्हाड परत मिळावे म्हणून जोर लावला, तो फुकट गेला.

५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांना मिळाले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडण्यात आले आणि ज्या फौजेच्या पगारासाठी मुलूख गहाण पडला होता, ती हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. फौज गेली, मुलूख मात्र परत आला नाही. १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब तेवढा मिळाला.