इम्प्लांटवरील कॅप : पकड हवी, पण किती?

इम्प्लांटवर बसविलेली कॅप सैल झाली, की ‘सिमेंट हलक्या दर्जाचे वापरले असावे,’ अशी शंका रुग्णाच्या मनात प्रथम येते. मात्र, सर्वांत घट्ट धरणारे सिमेंट तेच सर्वांत चांगले, हा नियम येथे लागू पडत नाही.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसविलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनमधील डॉ. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये तो प्रथम रुग्णाच्या जबड्यात बसविला. हाड या धातूशी एकजीव झाले, की त्यावर ‘अबटमेंट’ नावाचा खुंट दुसऱ्या बारीक स्क्रूने कसला जातो. या खुंटावर कॅप एकतर स्क्रूने बसवितात किंवा सिमेंटने चिकटवितात.

पकड कशावर ठरते?

कॅपची पकड एकट्या सिमेंटवर अवलंबून नसते. खुंट जितका उंच आणि त्याच्या बाजू जितक्या समांतर, तितकी कॅप घट्ट बसते. खुंट आखूड असेल, तर उत्तम सिमेंटही अपुरे पडू शकते.

युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातील घटक असलेले झिंक ऑक्साइडचे सिमेंट तात्पुरत्या कामाचे मानले जाते. झिंक फॉस्फेट व ग्लास आयोनोमर त्याहून घट्ट धरतात, तर रेझिन सिमेंटची पकड सहसा सर्वाधिक असते. नैसर्गिक दातावरील सिमेंट विरघळल्यास आत कीड लागते. टायटॅनियमला कीड लागत नाही. त्यामुळे इम्प्लांटवर तात्पुरत्या सिमेंटचाही विचार करता येतो. खुंटाचा आतील स्क्रू पुढे सैल झाल्यास अशी कॅप काढून तो पुन्हा कसता येतो. पक्क्या सिमेंटने चिकटविलेली कॅप मात्र अनेकदा छिद्र पाडून किंवा कापूनच काढावी लागते.

खरा धोका उरलेल्या सिमेंटचा

कॅप दाबून बसविताना जादा सिमेंट बाहेर येते व हिरडीखाली शिरू शकते. नैसर्गिक दाताच्या मुळाशी हिरडीचे तंतू घट्ट जोडलेले असतात. इम्प्लांटभोवती तशी जोडणी नसल्याने सिमेंट अधिक खोल जाते. त्यावर जंतू साचतात, हिरडी सुजते आणि कालांतराने हाड झिजू लागते. अमेरिकेतील डॉ. थॉमस विल्सन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ रुग्णांची दुर्बिणीने तपासणी केली होती. इम्प्लांटभोवती आजाराची लक्षणे असलेल्या ८१ टक्के प्रकरणांत उरलेले सिमेंट आढळले. ते काढल्यानंतर ७४ टक्के इम्प्लांटभोवतीची लक्षणे नाहीशी झाली.

म्हणूनच सिमेंट बेताचे घालणे, कॅपची कड हिरडीच्या फार खाली न ठेवणे आणि एक्स-रेमध्ये दिसणारे सिमेंट निवडणे महत्त्वाचे ठरते.

रुग्णांनी काय करावे?

कॅप सिमेंटने बसविली की स्क्रूने, हे डॉक्टरांना विचारून कागदपत्रांत नोंदवून घ्यावे. सैल झालेली कॅप घरातील गोंदाने चिकटवू नये. ती जपून ठेवावी आणि लवकर तपासणी करून घ्यावी. ब्रश करताना रक्त येणे, हिरडी सुजणे किंवा पू येणे ही लक्षणे दुखत नसली तरी अंगावर काढू नयेत. कॅप पुन्हा बसविता येते. झिजलेले हाड भरून काढणे मात्र कठीण असते.