डिझेल पचवणारी अंटार्क्टिकाची माती

अंटार्क्टिकावरील बहुतेक संशोधन केंद्रांची वीज आणि ऊब डिझेलवर चालते. टाक्यांतून, नळांतून गळलेले हे इंधन मातीत मुरले की वर्षानुवर्षे तिथेच राहते. थंडीत ते धड उडूनही जात नाही. ते पचवणारे जिवाणू मात्र त्याच मातीत असतात. थंडीला सरावलेल्या अशा जिवाणूंच्या पेशीपटलात असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण जास्त असते, म्हणून शून्य अंशाच्या आसपासही ते पटल लवचीक राहते.

बाहेरून खास जिवाणू आणून सोडण्याची वाट जवळजवळ बंदच आहे. १९९१च्या माद्रिद कराराने परक्या सजीवांना तिथे परवान्याशिवाय मज्जाव केला. तेव्हा स्थानिक जिवाणूंचीच बडदास्त ठेवायची. ऑस्ट्रेलियाच्या केसी केंद्रावर दूषित माती खणून तिचे ढीग अभेद्य अस्तरावर रचले गेले, त्यांत हवा खेळवली गेली आणि खत मिसळले गेले. डिझेलमध्ये कार्बन मुबलक असतो. नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र जवळजवळ नसतातच; ती उणीव खत भरून काढते. पण इथे सढळ हात घातक ठरतो. कोरड्या मातीत खत जास्त झाले, तर ओलाव्यातील क्षार वाढतात आणि जिवाणूंना पाणीच घेता येत नाही.

खरी अडचण वेळेची. माती उन्हाळ्यातच, थोडेच आठवडे वितळते. त्यामुळे काम काही वर्षे चालते. तरीही सारी माती जहाजाने परत नेण्यापेक्षा हे स्वस्त पडते. या काळात डिझेलमधील सरळ साखळीचे रेणू आधी संपतात, फांद्या फुटलेले चिवट रेणू मागे रेंगाळतात.