फोन अडला, पण नेमका कोणामुळे?

फोनवर नकाशा सुरू आहे, मागे गाणं वाजतंय आणि तेवढ्यात कॅमेरा उघडायला जावं, तर पडदा गोठतो. दोन-चार सेकंदांनी सगळं सुरळीत होतं. फक्त गाणं बंद पडलेलं असतं. या ॲपचा बळी कोणी घेतला, आणि याचाच का?

उत्तर ॲपमध्ये सापडत नाही. ते असतं ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये. प्रोसेसर कोणाला किती वेळ मिळणार, मेमरी किती मिळणार, हे कर्नेल ठरवतं. अँड्रॉइड फोन असोत की इंटरनेटवरच्या सेवांचे असंख्य सर्व्हर, आत बहुधा लिनक्स कर्नेल असतं. तिथे चालू कामाला ‘प्रोसेस’ म्हणतात आणि प्रत्येकीला क्रमांक मिळतो.

क्रमांक आहे म्हणजे माग काढणं सोपं, असं वाटेल. पण एक प्रोसेस दुसरीला जन्म देते, ती तिसरीला. काही तर क्षणभरच जगतात. पाहायला जावं तोवर काम उरकून नाहीशा झालेल्या असतात. क्रमांकही संपले की पुन्हा वापरात येतात. लिनक्समध्ये ही मर्यादा अनेक वर्षं मुळात 32,768 एवढीच असे. म्हणजे सकाळी ज्या क्रमांकावर पाळत ठेवली, त्यावर दुपारी भलताच कोणी! शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.

मग शीत सोडून अख्ख्या भाताकडे पाहायचं ठरलं. 2006मध्ये गूगलच्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ या अभियंत्यांनी प्रोसेसचे गट करून त्यांचा एकत्र हिशेब ठेवण्याचं काम सुरू केलं. ‘कंट्रोल ग्रुप’, अर्थात ‘सीग्रुप’ या नावाने ते जानेवारी 2008मध्ये आलेल्या लिनक्सच्या 2.6.24 आवृत्तीत दाखल झालं. यातली खुबी साधी आहे: नवी प्रोसेस जन्मतःच आईच्या गटात जाते. रेशनकार्डावर कुटुंबाची नोंद असावी तसं. ती किती का थोडं जगेना, तिचा खर्च कुटुंबाच्या नावे लागतो. सर्व्हरवर शेकडो सेवा वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं डॉकरसारखं तंत्र याच पायावर उभं आहे.

हिशेबाने किती खर्च झाला ते कळतं. तो कशावर झाला, हे कळायला आत डोकावावं लागतं. त्यासाठी स्टीव्हन रोस्टेड यांनी ‘एफट्रेस’ तयार केलं. कर्नेलमधल्या हजारो फंक्शनच्या सुरुवातीला काहीच न करणारी छोटी सूचना पेरून ठेवायची. पाळत ठेवायची वेळ आली की तिच्या जागी ‘आधी इथे नोंद कर’ ही सूचना बसवायची. एरवी यंत्रावर जवळपास भार नाही.

कल्पना सुंदर, पण चालू कर्नेलच्या अंगावर अशी शस्त्रक्रिया किती नाजूक असते, ते 2008च्या सप्टेंबरात दिसलं. लिनक्स 2.6.27च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांची इंटेलची काही नेटवर्क कार्डं निकामी होऊ लागली. कार्डाची स्वतःची माहिती जिथे साठवलेली असते, तीच खराब होत होती. संगणक पुन्हा सुरू करून भागत नव्हतं. साहजिकच संशय कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. चोर मात्र एफट्रेस निघालं. त्याने टिपून ठेवलेल्या काही पत्त्यांवरचा कोड काम संपल्याने काढून टाकला गेला होता आणि ते पत्ते आता कार्डाकडे होते. जुनी यादी घेऊन एफट्रेस तिथे लिहायला गेलं आणि थेट कार्डावरच लिहून बसलं. ती सोय तात्पुरती बंद करावी लागली; पुढे पत्त्यांची यादी कर्नेल तयार होतानाच बनवण्याची पद्धत आली.

2014नंतर रुजलेल्या ‘ईबीपीएफ’ने या धड्याला साजेशी शिस्त आणली. निरीक्षणाचा छोटा प्रोग्राम कर्नेलमध्ये शिरण्याआधी तपासला जातो: तो नको तिथल्या मेमरीला हात लावत नाही ना, कधीतरी संपतो ना. असा प्रोग्राम समोरची प्रोसेस कोणत्या सीग्रुपची, हे विचारून बाकीच्यांकडे दुर्लक्ष करू शकतो.

तरीही फसगत होतेच. एखाद्या ॲपने लिहिलेला मजकूर लगेच साठवला जात नाही. थोड्या वेळाने कर्नेलचा स्वतःचा कामगार तो लिहून काढतो. तेव्हा माग घेतला तर सापडतो हा कामगार. नेटवर्कवरून डेटा येतो, त्या क्षणी प्रोसेसरवर भलतीच प्रोसेस असते. वेळ तिच्या खात्यावर पडू शकतो. चोर सोडून संन्याशाला सुळी! साठवणीच्या बाबतीत यावर उपाय झाला: मेमरीतलं पान कोणत्या गटाचं, हे कर्नेल लक्षात ठेवतं. बाकी ठिकाणी निष्कर्ष काढणाऱ्यालाच डोकं चालवावं लागतं.

आता त्या गाण्याकडे. डिसेंबर 2018च्या लिनक्स 4.20मध्ये आणखी एक मोजमाप आलं: गटातल्या प्रोसेसचा किती टक्के वेळ मेमरी, प्रोसेसर किंवा साठवणीची वाट पाहण्यात वाया गेला. मागच्या 10, 60 आणि 300 सेकंदांची सरासरी मिळते. काहीसं नाडी पाहण्यासारखंच. आपल्याला नुसता ‘मेमरी 90 टक्के भरली’ या आकड्यापेक्षा हे मोजमाप कितीतरी प्रामाणिक वाटतं. भरलेल्या मेमरीतही काम मजेत चालू असू शकतं. अँड्रॉइड 10पासून फोन मेमरीचा हाच ताण पाहतो, आणि तो वाढला की पडद्यावर नसलेल्या, त्या घडीला कमी गरजेच्या ठरवलेल्या ॲपपासून बंद करायला सुरुवात करतो.