इथेनॉल, ऊस आणि घरातला पंखा: समजुती आणि वस्तुस्थिती

पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. 2014 च्या सुमारास हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. एवढा मोठा बदल दहा-बारा वर्षांत झाला आणि त्याच्याबरोबर समजुतीही पसरल्या. त्यांतल्या काही तपासून पाहणं गरजेचं आहे, कारण या इंधनाचा संबंध आपल्या गाडीइतकाच आपल्या धरणांशीही आहे.

गैरसमज: पिकापासून केलेल्या इंधनाने प्रदूषण होतच नाही.
वस्तुस्थिती: इथेनॉल जळताना जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो पिकाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, हे खरं. पण हिशेब तिथे संपत नाही. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, विहिरीवरच्या मोटारीची वीज बहुतांशी कोळशाची असते आणि नत्रखतामुळे जमिनीतून नायट्रस ऑक्साइड निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापमानवाढ करतो. साखर कारखाने चिपाड जाळून स्वतःची वाफ आणि वीज तयार करतात, ही उसाची जमेची बाजू. म्हणजे फायदा आहे, पण तो शंभर टक्के नाही.

गैरसमज: इथेनॉल टाकाऊ मळीपासूनच बनतं.
वस्तुस्थिती: सगळी साखर काढून झाल्यावर उरलेल्या सी-हेवी मळीबद्दल हे बरोबर आहे. बी-हेवी मळीत मात्र थोडी साखर सोडून द्यावी लागते आणि थेट रसापासून इथेनॉल केलं तर साखर बनतच नाही. 2023 मध्ये पाऊस कमी झाला, तेव्हा साखर कमी पडू नये म्हणून केंद्र सरकारने डिसेंबरात रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणले. आता मका आणि तांदूळही मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. एके काळी मका निर्यात करणाऱ्या भारताला 2024 मध्ये तो आयात करावा लागला. हाच मका कोंबड्यांचं मुख्य खाद्य आहे, त्यामुळे त्याची झळ पोल्ट्रीवाल्यांना बसते.

गैरसमज: ऊस तसाही लावला जातोच, मग इथेनॉलसाठी वेगळं पाणी कुठे लागतं?
वस्तुस्थिती: नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात लिटरभर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाण्याचा अंदाज आहे. महाराष्ट्रात लागवडीखालच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, असं केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवलं होतं. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या भागातही ऊस आहे आणि कारखानेही आहेत. दोष शेतकऱ्याचा नाही. खात्रीचा भाव आणि ठरलेलं गिऱ्हाईक उसालाच मिळतं. ज्वारी-तुरीला तशी हमी मिळाली, तर पीक बदलेल. इथेनॉलची मागणी वाढवत नेली, तर उसाची ओढ उलट घट्ट होईल.

गैरसमज: वीस टक्के इथेनॉल म्हणजे वीस टक्के पेट्रोलची बचत.
वस्तुस्थिती: लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून मायलेज थोडं घटतं आणि तेवढंच अंतर कापताना शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत वाचतं ते सुमारे चौदा टक्के, म्हणजे एक-सप्तमांश. रोज गाडी काढणाऱ्याने आठवड्यातला एक दिवस चालत, सायकलने किंवा एसटीने प्रवास केला, तरी जवळपास तितकंच पेट्रोल वाचतं. त्यासाठी एक गुंठाही जमीन लागत नाही.

गैरसमज: गाडीच्या इंधनाचं ठीक आहे, पण घरात वीज वाचवून वाचणार किती?
वस्तुस्थिती: जुना छताचा पंखा साधारण 75 वॉट घेतो, नव्या पद्धतीचा, कमी वीज लागणारा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास, वर्षातले आठ महिने धरले, तर एका पंख्यामागे सुमारे 130 युनिट वाचतात. घरात तीन-चार पंखे असतातच. पंखा हळू केला की वीज वाचते, हेही नेहमी खरं नसतं: जुन्या ठोकळेवजा रेग्युलेटरमध्ये वाचलेली बरीचशी वीज उष्णता होऊन जाते, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने मात्र बचत होते. एसी 18 वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

गैरसमज: मग जैवइंधन बंदच करायला हवं.
वस्तुस्थिती: खरी टाकाऊ वस्तू वापरली तर ते मोलाचं आहे. पानिपतला इंडियन ऑइलच्या प्रकल्पात भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवतात. पुण्याच्या आरती संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र विकसित केलं आणि 2006 मध्ये त्याला अॅश्डेन पुरस्कार मिळाला. अशा इंधनासाठी नवी जमीन लागत नाही आणि धरणातलं पाणीही लागत नाही.

म्हणून क्रम असा असावा: आधी बचत, मग कचरा आणि उरलेली मळी, आणि सर्वांत शेवटी पीक. आज तो नेमका उलटा झाला आहे. तो सुलट करण्याची मागणी आपण सरकारकडे केली पाहिजे. आपल्या घरापुरता तर तो आजपासूनच पाळता येतो.