खालून तिसरा कंटेनर

घरात पाहुणे मुक्कामाला आले की गोधड्यांच्या चळतीतून एक ठरावीक गोधडी काढायची वेळ येते, आणि ती नेमकी खालून तिसरी असते. वरच्या उचलायच्या, पलंगावर ठेवायच्या, हवी ती ओढून काढायची, मग उरलेल्या पुन्हा रचायच्या. बंदरातल्या कंटेनर यार्डात हेच काम रात्रंदिवस चालू असतं. तिथली प्रत्येक गोधडी मात्र वीस किंवा चाळीस फूट लांबीची, भरलेली असेल तर तीस टनांपर्यंत वजनाची असते आणि चळती हजारांनी असतात.

पाच कंटेनरांची एक चळत घेऊ. त्यातला कोणता आधी मागितला जाईल याची काहीच कल्पना नसेल, तर हवा तो काढण्यासाठी सरासरी दोन कंटेनर विनाकारण हलवावे लागतात. नशीब चांगलं असेल तर एकही नाही, वाईट असेल तर चार. म्हणजे सरासरीच्या हिशेबातही आपला कंटेनर खालून तिसराच निघतो. या फुकटच्या हालचालींचे पैसे कोणी देत नाही, पण त्यात क्रेन अडकते, क्रेनखाली ट्रेलर थांबतो आणि त्याच्यामागे रांग लागते.

स्वयंचलित टर्मिनलच्या चित्रफिती अनेकांनी पाहिल्या असतील. चालकाविना धावणाऱ्या सपाट गाड्या, रिकाम्या केबिनच्या क्रेन, सगळं यार्ड निर्मनुष्य. पाहणारा या गाड्यांनी थक्क होतो. मला मात्र वाटतं की या तंत्रज्ञानातला सोपा भाग तोच आहे. अवघड भाग त्या खालून तिसऱ्या कंटेनरात आहे: कोणता कंटेनर कधी लागणार, हे आधी कळणं.

गाड्यांचा प्रश्न तर तीस वर्षांपूर्वीच सुटला. मॅल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूकदाराचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज 26 एप्रिल 1956 रोजी 58 कंटेनर घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनला निघालं, तिथून आधुनिक कंटेनर वाहतुकीची सुरुवात मानतात. त्यानंतर चार दशकांच्या आत, 1993 मध्ये, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात डेल्टा टर्मिनल सुरू झालं. तिथल्या गाड्या जमिनीत पुरलेल्या खुणांवरून स्वतःची जागा ओळखत होत्या आणि रुळांवरच्या क्रेन चालकाविना चळती रचत होत्या. शांघायजवळच्या यांगशान बंदराचा चौथा टप्पा डिसेंबर 2017 मध्ये सुरू झाला. तिथंही गाड्यांना वाट दाखवायला जमिनीत हजारो चुंबकी खिळे बसवले आहेत. कुंपणाच्या आत माणूस नाही, रस्त्यात गाय नाही, अचानक आडवा येणारा दुचाकीस्वार नाही. अशा ठिकाणी गाडी आपोआप चालवणं शहरातल्या रस्त्याच्या मानानं कितीतरी सोपं.

क्रेनचं शास्त्र त्याहून रंगतदार आहे. धक्क्यावरच्या क्रेनला लोंबकळणारा कंटेनर म्हणजे शाळेत शिकलेला लंबक. दोराची लांबी 25 मीटर धरली, तर त्याचा एक झोका पुरा व्हायला सुमारे दहा सेकंद लागतात. क्रेनची ट्रॉली जहाजाकडून धक्क्याकडे धावून एकदम थांबली, तर कंटेनर पुढे झुलतो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. तो स्थिर होईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर दर फेरीला अर्धा मिनिट सहज जाईल. यावरची युक्ती फार सुंदर आहे. ट्रॉलीला हवा तो वेग एका दमात द्यायचा नाही. अर्धा आता द्यायचा आणि उरलेला अर्धा बरोबर पाच सेकंदांनी, म्हणजे अर्ध्या झोक्यानंतर. पहिल्या झटक्यानं सुरू झालेला झोका आणि दुसऱ्या झटक्याचा झोका एकमेकांच्या उलट पडतात आणि दोन्ही विरून जातात. मुरलेला क्रेनचालक हे गणित न मांडता हातानंच करतो. वर्षानुवर्षांच्या सरावानं त्याच्या मनगटात ते बसलेलं असतं. संगणकाला ते सूत्र देता येतं, आणि वारा, दोराची बदलती लांबी, कंटेनरचं वजन यांची मापं सतत घेऊन तो दुरुस्तीही करतो.

एवढं सगळं साधल्यावरही टर्मिनल मंदावतं, आणि त्याचं कारण म्हणजे वाट पाहणं. क्रेन कंटेनर घेऊन आली आणि खाली गाडी नसेल, तर क्रेन थांबते. गाडी यार्डाशी पोचली आणि तिथली क्रेन दुसऱ्या कामात असेल, तर गाडी थांबते. एक थांबली की तिची वाट पाहणाऱ्या सगळ्या थांबतात. रॉटरडॅममध्ये 2015 साली सुरू झालेल्या मासव्लाक्टे-2 वरच्या टर्मिनलनं यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. तिथल्या बॅटरीवरच्या गाड्यांना स्वतःची पाठ वर उचलता येते. यार्डाशी पोचलेली गाडी कंटेनर एका लोखंडी घडवंचीवर ठेवते आणि निघून जाते. यार्डातली क्रेन सवडीनं येऊन तो उचलते. दोन यंत्रांच्या मध्ये एक घडवंची आली आणि दोघांची वाट पाहण्यातून सुटका झाली. नव्या टर्मिनलमध्ये पैसा कुठं घालावा असं कोणी मला विचारलं, तर अशा साध्या घडवंच्यांचं नाव मी आधी घेईन.

हॅम्बुर्गच्या आल्टेनवेर्डर टर्मिनलनं 2002 मध्ये वेगळी वाट धरली होती. यार्डातल्या कंटेनरांच्या प्रत्येक ओळीवर तिथं दोन क्रेन आहेत, एक मोठी आणि एक छोटी. दोघींचे रूळ वेगळे असल्यानं छोटी क्रेन मोठीच्या पोटाखालून पलीकडे जाऊ शकते. एकाच रुळावर दोन क्रेन असत्या, तर एक जहाजाच्या टोकाला आणि दुसरी ट्रकच्या टोकाला बांधली गेली असती.

आता पुन्हा चळतीकडे येऊ. निर्यातीचे कंटेनर रचणं तुलनेनं सोपं असतं, कारण जहाज, पुढचं बंदर आणि वजन हे सगळं आधी माहीत असतं. जड कंटेनर जहाजात खाली हवेत, म्हणजे ते आधी चढवायचे, म्हणून यार्डात ते चळतीच्या वरच्या थरांत ठेवायचे. यार्ड हे जहाजाचं उलटं चित्र असतं. तरीही गणित झपाट्यानं हाताबाहेर जातं. दहा कंटेनर 36 लाखांहून अधिक क्रमांनी काढता येतात, पंधरा असतील तर क्रमांची संख्या सव्वा लाख कोटींच्या पुढे जाते. कमीत कमी हालचालींत चळत उलगडण्याचा हा प्रश्न गणितज्ञांनी कठीण प्रश्नांच्या वर्गात बसवला आहे. कंटेनर वाढले की हमखास सर्वोत्तम उत्तर शोधायला लागणारा वेळ संगणकाच्याही आवाक्याबाहेर जातो. म्हणून टर्मिनलचं सॉफ्टवेअर पुरेसं चांगलं उत्तर शोधतं. यार्डातल्या क्रेन मोकळ्या असल्या की ते त्यांना कामाला लावतं: उद्या लागणारे कंटेनर आज वर आणून ठेवायचे. गिऱ्हाईक येण्याआधी दुकानदार माल मांडून ठेवतो, तसं.

आयातीचं काय? जहाजातून उतरलेला कंटेनर कोणता व्यापारी कधी नेणार हे कस्टमच्या कागदांवर, ट्रकच्या उपलब्धतेवर, बँकेवर आणि रेल्वेच्या वेळापत्रकावर ठरतं. टर्मिनलला त्यातलं काहीच आधी कळलं नाही, तर जगातली सर्वांत महाग क्रेनसुद्धा खालून तिसरा कंटेनर काढत बसते.

माहितीचं हे महत्त्व 27 जून 2017 रोजी जगाला कळलं. नॉटपेट्या नावाचा संगणकी विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोसळली. रॉटरडॅममधलं याच समूहाचं मासव्लाक्टे-2 वरचं टर्मिनल बंद पडलं. त्याच दिवशी या समूहाशी जोडलेलं आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं टर्मिनलही विस्कळीत झालं. न्हावा-शेव्यात क्रेनवर माणसं होती, ट्रेलरवर माणसं होती, सगळी यंत्रं धडधाकट होती. पण कोणता कंटेनर कुठं आहे आणि कोणाचा आहे हे सांगणारा संगणक गप्प झाला होता. टर्मिनलमध्ये माणसं असोत वा नसोत, ते माहितीवरच चालतं याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

स्वयंचलित टर्मिनलांच्या कामगिरीचे आकडेही हेच सांगतात. मॅकिन्झी या सल्लागार संस्थेनं 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अशा टर्मिनलांचा चालवण्याचा खर्च 15 ते 35 टक्क्यांनी कमी झाला होता, पण उत्पादकता वाढायच्या ऐवजी 7 ते 15 टक्क्यांनी घटली होती. याचा अर्थ तंत्रज्ञान फसलं असा मी लावत नाही. रात्री दोन वाजता आणि दुपारी दोन वाजता सारख्याच गतीनं काम होणं, अंगावर कंटेनर पडून माणूस दगावण्याची भीती कमी होणं, डिझेलचा धूर न येणं याला मोल आहेच. पण नुसती यंत्रं आणून वेग वाढत नाही.

आणि माणूस संपलेलाही नाही. जहाजावर एकमेकांवर रचलेले कंटेनर कोपऱ्यांतल्या ट्विस्टलॉकनं जोडलेले असतात. लोखंडाचा हा पाच-सहा किलोचा तुकडा जगभरच्या बहुतेक धक्क्यांवर आजही माणूसच हातानं बसवतो आणि काढतो. डेकवरच्या लांब लोखंडी सळ्या बांधणं आणि सोडणं, म्हणजे लॅशिंग, हेही हातांचंच काम. आल्टेनवेर्डरच्या धक्क्यावरच्या क्रेनवर ट्विस्टलॉकसाठी मध्येच एक मचाण आहे. तिथं कंटेनर टेकतो, कामगार ट्विस्टलॉक काढतात, मग दुसरी ट्रॉली तो आपोआप गाडीवर ठेवते. नोकऱ्या मात्र कमी होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. रॉटरडॅमच्या गोदी कामगारांनी जानेवारी 2016 मध्ये याच धास्तीपायी 24 तासांचा संप केला होता.

भारतात या वाटेवर सर्वांत पुढे आहे केरळमधलं विळिंजम. ते अर्धस्वयंचलित आहे. यार्डातल्या क्रेन बहुतांश आपोआप चालतात आणि अडलेलं काम नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसलेली माणसं सोडवतात. 24,000 हून अधिक वीस फुटी कंटेनरांच्या क्षमतेचं ‘एमएससी इरिना’ हे महाकाय जहाज जून 2025 मध्ये तिथं लागलं. पण विळिंजमला एक मोठी सवलत आहे. तिथं येणारा बहुतेक माल एका जहाजातून उतरून दुसऱ्या जहाजात चढतो. दोन्ही जहाजांची वेळ माहीत असते, ट्रकवाल्याची वाट पाहायची नसते. सिंगापूरच्या तुआस बंदराचंही तसंच.

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला ही सवलत मिळणार नाही. 76,220 कोटी रुपयांच्या या प्रकल्पाची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल तिथं होणार आहेत. तिथला माल मुख्यतः देशात येणारा आणि देशातून जाणारा असेल, रेल्वे आणि रस्त्यानं हलणारा. म्हणजे खालून तिसऱ्या कंटेनराचा प्रश्न तिथं पुऱ्या तीव्रतेनं उभा राहील. शिवाय जवळपास 1,450 हेक्टर जमीन समुद्रात भराव घालून तयार करायची आहे. भराव वर्षानुवर्षं खचत राहतो आणि तोही सगळीकडे सारखा नाही. चालकाविना धावणाऱ्या क्रेनच्या रुळांना असं असमान खचणं चालत नाही. एकदा रुळांखालचं काँक्रीट ओतलं की यार्डाची मांडणी पुढच्या पिढीपर्यंत बदलता येत नाही.

म्हणून दोन गोष्टी आत्ताच मागायला हव्यात. पहिली, क्रेनच्या निविदा निघण्याआधी माहितीची व्यवस्था ठरावी. ट्रकची आगाऊ वेळनोंदणी, रेल्वेच्या गाड्या आणि कस्टमची मंजुरी हे सगळं टर्मिनलच्या संगणकाला एकाच वेळी दिसलं पाहिजे. अमेरिकेतल्या लाँग बीचसारख्या बंदरात ट्रक आधी वेळ घेऊनच येतो. न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या उरण-पनवेलच्या रस्त्यांवर ट्रेलरच्या रांगा पाहिलेल्यांना याची निकड समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसांची. वाढवणच्या मच्छीमारांनी या बंदराला वर्षानुवर्षं विरोध केला, कारण त्यांचा समुद्र जाणार आहे. विळिंजमच्या नियंत्रण कक्षात आज यार्डातल्या क्रेन चालवणाऱ्यांत स्थानिक स्त्रिया आहेत, त्यात मच्छीमार घरांतल्या मुलीही आहेत. हे काम शिकायला वेळ लागतो. डहाणू-पालघरच्या मुलामुलींसाठी ते प्रशिक्षण वाढवणला पहिली क्रेन उभी राहण्याआधी सुरू झालं पाहिजे, आणि ते त्यांच्याच तालुक्यात, मराठीतून मिळालं पाहिजे.