आकड्यांना मुकलेली शहरं

जळगाव आणि धुळे महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं. २०२३मध्ये आधी जळगाव आणि मग धुळे प्रशासकाच्या हाती गेलं होतं. आता सभागृहं पुन्हा भरणार, याचा आनंद आहेच. पण प्रभागरचनेचे तक्ते समोर आले आणि जीव खट्टू झाला. प्रभागांची लोकसंख्या २०११ची. जळगाव शहर ४,६०,२२८. पंधरा वर्षांपूर्वी प्रगणक दारात येऊन गेला, त्यानंतर कोणी मोजायला आलेलंच नाही. २०२१ची जनगणना कोरोनात अडकली आणि पुढे ढकलत ढकलत २०२७वर गेली. मधल्या काळात जन्मलेली मुलं शाळेत गेली, शिवारात नवी नगरं उठली, माणसं नाशिक-पुण्याला निघून गेली. शहराच्या हिशेबात यातलं काहीही नाही.

खानदेशाला मोजून घेण्याची सवय जुनी आहे. १८८०च्या गॅझेटियरात इथल्या विहिरी, बैल, कापूस आणि बाजाराचे दिवस सगळं नोंदलेलं आहे. १९०६ला पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले, तेव्हा तक्तेही दोन झाले. पुढे स्वातंत्र्य, संयुक्त महाराष्ट्र. त्या काळाबद्दल मला फार सांगायचं नाही. दर दहा वर्षांनी आकडा वाढायचा आणि कोणाची झोप उडायची नाही. मला बोलायचं आहे ते २००१ ते २०११ या दशकाबद्दल. तेव्हा आकड्यांनी आम्हाला दोनदा खडबडून हलवलं होतं.

ते दोन आकडे सांगण्याआधी लोकसंख्येचं घ्या. १९९१ला धुळं मोठं होतं: २,७८,३१७. जळगाव मागे: २,४२,१९३. २००१ला उलटं झालं. जळगाव ३,६८,६१८ आणि धुळे ३,४१,७५५. दहा वर्षांनी जळगाव साडेचार लाखांपुढे, तर धुळे ३,७५,५५९वर. धुळेकर हे ऐकून आजही दुखावतात, आणि त्यांचं दुखणं खरं आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या गावाच्या वाट्याला रेल्वेचा चाळीसगावहून येणारा एक फाटाच आला. मनमाड-इंदूर मार्गाचं आश्वासन ऐकत एक पिढी म्हातारी झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली ती २०२४ला. जळगावला मुंबई-हावडा मार्ग, सोन्याचा बाजार, डाळमिली, केळी आणि ठिबकचा कारखाना. फरक पडणारच होता.

२००३ साली दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका झाल्या. जळगावची २१ मार्चला, धुळ्याची ३० जूनला. त्या वर्षांतल्या महासभा मी पाहिल्या आहेत. अंदाजपत्रकाचं जाड पुस्तक नगरसेवकांच्या हाती यायचं. जमेची बाजू फुगवलेली असायची, आणि विरोधी बाकावरचा कोणीतरी पेन्सिलने खुणा करून आलेला असायचा. घरपट्टीची मागणी किती, वसुली किती, हुडको आणि जिल्हा बँकेच्या कर्जाचे हप्ते किती, असे प्रश्न यायचे. आवाज चढायचे, माईक ओढले जायचे. पण भांडण आकड्यावरून व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा पेपरात छापून यायचा. प्रशासकाच्या काळात स्थायी समितीही तोच आणि महासभाही तोच; अंदाजपत्रक त्याच्याच दालनात मांडलं जाऊन मंजूर व्हायचं. कायद्यात ते बसतं. पण पेन्सिलची खूण करणारं माणूस त्या दालनात नसतं.

त्या दशकाचा सर्वांत कडू आकडा ११,४२४. जळगावच्या झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी एवढी घरकुलं बांधायची ठरली होती. १९९९ला काम दिलं गेलं. कर्ज निघालं, बिलं निघाली आणि पुरी झाली ती जेमतेम दीड हजार घरं. पिंप्राळ्याकडे गेलं की छपराविना उभ्या भिंती दिसायच्या. २००६च्या फेब्रुवारीत तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. तोवर गावात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. लिहून द्यायला मात्र कोणी पुढे आलेलं नव्हतं. ३१ ऑगस्ट २०१९ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरवलं आणि प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं. निकालाचं जे व्हायचं ते होवो. माझा राग त्या वर्षांत सभागृहात बसून ठरावांना हात वर करणाऱ्या सर्वपक्षीयांवर आहे. त्यातल्या अनेकांनी नंतर झेंडे बदलले, पण आपल्या वॉर्डात किती घरं उभी राहिली, हे एकानेही जाहीरपणे मोजून सांगितलं नाही.

दुसरा आकडा घरातला आहे. जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ला ८८० मुली होत्या. २०११ला ८४२. दहा वर्षांत अडतीस मुली कमी. राज्यात बीडच्या बरोबरीने आपलं नाव घेतलं जाऊ लागलं. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४चा. म्हणजे हे सगळं कायदा असताना घडलं. शिकलेल्या, बागायतदार, सोनं मोडायची वेळ न येणाऱ्या घरांत घडलं. त्या वेळी निदान खळबळ तरी माजली. मोर्चे निघाले, सोनोग्राफी यंत्रांची तपासणी झाली, कीर्तनातून विषय निघाला.

आता हिशेब करून पाहा. २०११ला शून्य ते सहा वयात मोजलेली मुलं आज पंधरा ते एकवीस वर्षांची आहेत. यंदा बोटाला पहिल्यांदा शाई लागली ती त्यांतल्याच थोरल्यांच्या. म्हणजे ८४२चा तो आकडा मतदारयादीत येऊन पोचला आहे. महापालिकेत निम्म्या जागा महिलांना, जळगावच्या ७५पैकी ३८, धुळ्याच्या ७४पैकी ३७. त्या जागांवर उद्या उभं राहायचं त्या पिढीतल्या मुलीच वजा झालेल्या आहेत. समाजासमाजाच्या वधू-वर सूचीत मुलग्यांची पानं जाड आणि मुलींची पातळ, हे तर गावोगावचे आईबाप सांगतात.

आणि २०११नंतर? त्या वयोगटाची दारोदार मोजणी झालेलीच नाही. सुधारलं की बिघडलं, हे पाहणीच्या नमुन्यावरून अंदाजाने सांगतात. जिल्ह्याचं ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढून बघा. पावसाचा रकाना ताजा, पिकांचा ताजा, लोकसंख्येखाली जनगणना २०११. धुळ्याचं तर आणखी वाईट. २०१८ला हद्दवाढ होऊन वलवाडी, महिंदळे धरून अकरा गावं शहरात आली. २०११ला तिथली माणसं ग्रामपंचायतीत मोजलेली. आज ती महापालिकेची घरपट्टी भरतात आणि नळाला पाणी कधी येणार ते शेजारणीला विचारतात. माणशी १३५ लिटर हे शहराचं प्रमाण कागदावर असतं. धुळ्याच्या कुठल्याही कॉलनीत जा, अंगणात निळी पिंपं ओळीने भरून ठेवलेली असतात, कारण पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. त्या पिंपांचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही. ज्या गावाने १९२७पासून राजवाडे संशोधन मंडळात इतिहासाचार्यांची दप्तरं उराशी धरून ठेवली, त्याच गावाचं आजचं दप्तर असं कोरं असावं, याचं फार वाईट वाटतं.

आपलीच तापी पुढे सुरतेला समुद्राला मिळते. आपली माणसंही तिच्याच काठाने गेली. उधना, लिंबायत, डिंडोलीत अहिराणी कानावर पडते. १९९४ला प्लेगने ते शहर हादरलं. त्यानंतर आयुक्त एस. आर. राव यांनी रोजचा कचरा, रोजचा ताप, रोजची तक्रार मोजायला लावली आणि दोनेक वर्षांत सुरतेचं नाव स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. तिथली महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, कारण आपली मुलं तिच्या मोजणीत आहेत. अमळनेर-पारोळ्याहून गेलेल्या कुटुंबाची नोंद तिथे आहे आणि मागे राहिलेल्या भावाची इथे जुनीच आहे, हे मला सलतं.

२०२७च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ला निघाली आहे. तिचे आकडे हाती यायला वेळ लागेल. नव्या नगरसेवकांनी तोवर थांबू नये. जन्म-मृत्यू नोंदणीचं दप्तर महापालिकेचंच आहे, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. प्रभागवार दर महिन्याला किती मुलगे जन्मले, किती मुली, कोणत्या प्रभागात पाणी किती दिवसांनी आलं आणि किती वेळ चाललं, घरपट्टीची मागणी किती, वसुली किती, एवढं प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावा आणि पेपरवाल्यांना द्या. पहिल्या अंदाजपत्रकी सभेत हे कोण मागतं, ते बघायला मी प्रेक्षक गॅलरीत येणार आहे.